दोन मुठी मीठ

“दमून घरी आल्यावर तुम्ही काय करून खाता?”

डॉ. केतकी जगदाळेनं मला फोनवर विचारलेला हा पहिलाच प्रश्न. पगार, जमीन, बहिणींची लग्नं झाली का, या सगळ्याची उत्तरं मी पाठ करून बसलो होतो. हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा निघाला.

खरं उत्तर असं होतं, की दमून घरी आल्यावर मी चहात बिस्किटं बुडवून खातो, आणि अगदीच कंटाळा आला तर चहा न करता नुसती बिस्किटं खातो. पण ते सांगायला जीभ उचलेना. फोनसमोरच्या फळीवर पास्त्याचं एक पाकीट पडलं होतं. महिन्याभरापूर्वी सांगलीला गेलो असताना वरच्या चित्राला भुलून मी ते घेतलं होतं आणि आणल्यापासून त्याला हातही लावला नव्हता.

“चिकन पास्ता,” मी म्हणालो.

“अच्छा. तेलकट असतो का हो?”

“छे. एक चमचा तेल. टोमॅटो, पालक, ढबू मिरची घालायची. हलका होतो. अर्ध्या तासात तयार.”

“रोज?”

“रोज नाही. आठवड्यातून दोनदा. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून.”

वार सोडल्यामुळे थापेला चांगला खरेपणा आला असं माझं मलाच वाटलं. मग ती म्हणाली, “हे बघा, मी चार मुलं बघितली. चौघांच्या घरी मला स्वयंपाक येतो का हे विचारलं. मी जनावरांची डॉक्टर आहे. दिवसभर वाड्यावस्त्यांवर फिरते, खांद्यापर्यंत हात घालून म्हशी सोडवते, आणि सातला घरी येते तेव्हा मला भाकरी थापायची ताकद नसते. म्हणून आता मीच विचारायचं ठरवलंय. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला मी आणि आत्या तुमच्या क्वार्टरवर येतो. मी ड्यूटीवरून येणार, तुम्हीही ड्यूटीवरूनच या. रजा काढायची नाही, डबा मागवायचा नाही. हाच चिकन पास्ता करा. दमलेला माणूस दमलेल्या माणसाला काय खायला घालतो, तेवढं मला बघायचंय.”

फोन ठेवला तेव्हा दोन गोष्टी एकदमच माझ्या ध्यानात आल्या. या मुलीशी मला लग्न करायचं होतं, आणि मला पास्ता करता येत नव्हता.

ही गोष्ट अठरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होतो, तीस वर्षांचा होतो आणि माझी सात स्थळं मोडली होती. कारखान्याच्या कॉलनीत यायला मुली तयार नसत. हंगामात नवरा कारखान्यात असतो आणि हंगाम संपला की घरात मळीचा वास असतो, असा आमचा लौकिक होता. तो फारसा खोटाही नव्हता. आमच्या शेतकी अधिकाऱ्यांच्या घरच्या वहिनींनी हे आठवं स्थळ आणलं, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं. “भावजी, मुलगी सरळ आहे. पण तिला आईवडील नाहीत, हौसाआत्यांनी वाढवलंय. चार मुलांतली तीन आत्यांनी नापास केलीत. त्यांच्यापुढं जपून.”

माझ्या हातात पाच दिवस होते.

भिंतीला भिंत लागून भूपालअण्णा चौगुले राहायचे. अण्णा आमचे पॅनमन. उसाचा रस आटवून त्यातून साखरेचा दाणा धरायचा, ही त्यांची कामगिरी. आम्ही केमिस्ट लोक काचेच्या नळ्या नाचवून जे सांगायचो, ते अण्णा दोन बोटांत पाक चोळून आधीच सांगून मोकळे व्हायचे. उकळत्या पाण्याशी ज्याचा जन्म गेला असा दुसरा माणूस मला माहीत नव्हता. पण अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवून उठणारे. त्यांना चिकनचं कसं विचारायचं?

“पास्त्याचं सांगतो,” अण्णा म्हणाले. “त्या दुसऱ्या वस्तूचं नाव माझ्यापाशी काढू नको.”

पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेतलं स्टॉपवॉच आणि थर्मामीटर आणला. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिलं होतं, म्हणून मी बरोबर अकरा मिनिटं मोजली आणि पाणी ओतून काढलं. अण्णांनी एक नळी उचलून बोटात दाबली.

“पोटात कच्चं हाय.”

“पण अकरा मिनिटं झाली, अण्णा.”

“घड्याळाला खायला घालायचंय, का पोरीला?”

दुसऱ्या दिवशी लापशी झाली. तिसऱ्या दिवशी मला बोटाची भाषा थोडीफार कळायला लागली. चौथ्या दिवशी अण्णांनी नळी दाबली, वर बघितलं आणि म्हणाले, “दाणा धरला.” कारखान्यात एवढं कौतुक मी आठ वर्षांत ऐकलं नव्हतं.

चिकनचा अभ्यास मी दार लावून एकट्यानं केला. बिनहाडाचे बारीक तुकडे, दही, मिरपूड, लसूण, हळद, मंद आच, वर झाकण. ते फारसं अवघड निघालं नाही. अडचण भांड्याची होती. अण्णांच्या घरचं पातेलं पास्त्यासाठी मिळत होतं, पण त्यात कोंबडी शिजणार हे कळल्यावर चौगुलेकाकूंनी ते हळूच परत नेलं. त्यांचं चुकलं असं मी कसं म्हणणार? मग मंगळवारी बाजारातून एक मोठं पातेलं आणि एक स्टीलची कढई आणली.

बुधवारी मला पहिली पाळी होती, पहाटे चार ते दुपारी बारा. बाराला सुटायचं, दोन तास झोपायचं, चारला बाजार, पाचला तयारी, असं वेळापत्रक मी प्रयोगशाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं होतं. बाराचा भोंगा झाला आणि माझ्या जागी येणारा केमिस्ट आलाच नाही. सासऱ्याला दवाखान्यात नेलंय, असा त्याचा निरोप आला. प्रयोगशाळा सोडून जाता येत नाही. एक वाजला, दोन वाजले. दर तासाला रसाचे नमुने येत होते आणि मी ते तपासत होतो. पाच वाजता कुणीतरी येऊन मला सोडवलं, तेव्हा तेरा तास झाले होते. हंगामात तेरा तास आत काढले की ओठांवर साखर बसते. चहा प्या, पाणी प्या, सगळं गोडच लागतं.

चिकन आणि भाज्या घेऊन सव्वापाचला घरी आलो. तुकडे दह्यात घातले, लसूण ठेचला, भाज्या चिरल्या. पास्त्याचं पाणी मोठ्या पातेल्यात गॅसवर ठेवलं. पाणी उकळेपर्यंत पाच मिनिटं टेकू, म्हणून सिलिंडरला पाठ लावून फरशीवर बसलो.

“पावणं, गॅस चालू ठिवून झोपता व्हय?”

डोळे उघडले तर समोर हिरवं नऊवारी. वर बघितलं तर साठीच्या एक बाई, डोक्यावर पदर, खांद्याला कापडाची जड पिशवी. हौसाआत्या कऱ्हाडकडच्या एसटीनं थेट आल्या होत्या, आणि दार उघडं दिसल्यावर सरळ आत. पातेल्यातलं अर्धं पाणी आटून गेलं होतं.

मी धडपडत उठलो आणि वाकून नमस्कार केला. माझ्या बनियनला हळद लागली होती.

“केतकी यायला अजून हाय अर्धा तास,” त्या म्हणाल्या. “एक म्हस अडलीया म्हनं. तुमचं चालू द्या.”

त्या दाराजवळच्या पाटावर बसल्या आणि बघू लागल्या. मी पातेल्यात पाणी वाढवलं. चिकन कढईत टाकायला गेलो.

“कढई नवी दिसती.”

“हो. म्हणजे, जुनी फुटली.”

“इस्टीलची?”

कढई उचलली तर बुडाला दुकानाचं लेबल तसंच होतं आणि त्याला आता जळका वास येत होता. आत्यांनी पदर नाकाला लावला, आणि नजर कढईवरून माझ्यावर आणली. ते जास्त भीतिदायक होतं.

चिकन झाकून ठेवलं. पाण्याला उकळी फुटली. मी सांगलीहून मागवलेलं नवं पाकीट दह्यानं माखलेल्या हातांनीच फोडायला लागलो. त्यात झोप अर्धी, भीती पुरी.

“त्यात मीठ पडलं का?”

“अजून नाही, आत्या. घालतो.”

“ऱ्हाऊ द्या, तुमचे हात भरल्यात. मी टाकते. कुटं हाय?”

“त्या फळीवर. काचेच्या बाटलीत.”

आमच्याकडे सगळं काचेच्या बाटलीत असे. प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटल्या मोडीत निघाल्या की कॉलनीतल्या प्रत्येक घरात त्यांतून डाळी, चहा, जिरं भरलं जायचं. माझ्या फळीवर शेजारी शेजारी दोन बाटल्या होत्या. एकीवर ‘एस-३०’ अशी चिठ्ठी, त्यात बारीक दाण्याची साखर. दुसरी बिनचिठ्ठीची, त्यात जाडं मीठ. मला त्यांची इतकी सवय होती, की नवख्या माणसाला फरक सांगायला हवा हे सुचलंच नाही. आत्यांनी बाटली काढली, दोन मुठी भरून पाण्यात टाकल्या आणि पुन्हा पाटावर जाऊन बसल्या. दोन मुठी म्हणजे जरा जास्तच झालं, एवढं माझ्या मनात आलं. पण हौसाआत्यांचं माप चुकलं असं सांगणारा मी कोण?

पास्ता पाण्यात पडला. मी स्टॉपवॉचकडे बघितलं नाही. बोटानं बघत राहिलो, आणि दाणा धरल्याबरोबर पाणी काढलं. तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली.

केतकी आत आली ती दाराच्या चौकटीला धरूनच. पायात गमबूट, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, केसांत गवताची काडी. फोनवरच्या आवाजावरून मी जी कल्पना केली होती तिच्यापेक्षा ती बुटकी होती आणि कितीतरी जास्त दमलेली होती.

“वाचली का?” आत्यांनी विचारलं.

“म्हैस वाचली. रेडकू गेलं.” तिनं गमबूट काढले. “मालक म्हणाला, सकाळपासून अडलीय. बघितलं तर कालपासूनची. आधी बोलावलं असतं तर दोन्ही वाचली असती. खरं कुणी सांगतच नाही, आत्या. प्रत्येक जण एक दिवस कमी सांगतो.”

तिचे डोळे भरून आले होते. ती मोरीवर गेली, कोपरापर्यंत हात साबणानं तीनदा धुतले आणि तशीच स्वयंपाकघरात आली. आम्ही एकमेकांना नमस्कार केला. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात इतका थोडक्यात आटपलेला नमस्कार मी पाहिला नव्हता.

“सकाळपासून पोटात काही नाही,” ती म्हणाली. “वास छान आहे. एक खाऊ का?”

आणि चाळणीतली एक नळी उचलून तिनं तोंडात टाकली. चावली. थांबली. पुन्हा चावली.

“हे गोड आहे.”

मी एक नळी तोंडात टाकली. मला गोडच लागली, पण मला त्या दिवशी सगळंच गोड लागत होतं. मी फळीकडे बघितलं. बिनचिठ्ठीची बाटली जागच्या जागी होती, झाकण घट्ट लावलेलं. एस-३०ची बाटली पुढे आली होती आणि तिचं झाकण उघडं होतं.

“पाण्यात साखर पडलीय,” केतकी म्हणाली. “कुणी घातली?”

त्या वेळी माझं डोकं किती भरभर चाललं, ते सांगायला हवं. आत्यांनी घातली, असं म्हटलं तर मी सुटत होतो. पास्ता उत्तम शिजला होता, चिकन उत्तम झालं होतं, चूक पाहुण्यांच्या हातून झाली होती. माझी थाप शाबूत राहत होती. मी घातली म्हटलं, तर आठवड्यातून दोनदा पास्ता करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातलं मीठ कळत नाही, असं होत होतं. आत्या पाटावर बसून माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“मी,” मी म्हणालो. “बाटलीत गल्लत झाली.”

“तुमच्याच बाटल्या ना?”

“हो.”

“आणि आठवड्यातून दोनदा करता?”

झालं. पुढचं आपोआप बाहेर पडलं. एकदा बांध फुटल्यावर काय आवरणार? “नाही करत. कधीच केला नव्हता. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा समोर पाकीट दिसलं, म्हणून बोलून गेलो. मी चहाबिस्किटं खातो. गेले पाच दिवस शिकतोय. ही कढईसुद्धा काल आणलीय. खरं सांगायचं तर हे स्थळ हातचं जाऊ नये असं फार वाटत होतं, म्हणून खोटं बोललो. माफ करा.”

केतकी माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, भिंतीला टेकून, जिथे मी मघाशी झोपलो होतो तिथेच, आणि हसायला लागली. आधी हळू, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. ते पाणी हसण्याचं होतं की मघाच्या रेडकाचं, ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं.

“आज दिवसभरात खरं बोललेला पहिला माणूस,” ती म्हणाली. “उशिरा का होईना.”

“तू काय हसतीस?” आत्या म्हणाल्या. “सांग की त्यास्नी, तू दमून आल्यावर काय खातीस.”

“आत्या.”

“चहात खारी बुडवती, आन् तशीच झोपती. आन् फोनवर म्हनं, तेलकट असतं का हो.”

केतकीनं ओढणीत तोंड लपवलं. आता मला हसायची चोरी नव्हती.

आत्या उठल्या. पास्ता नळाखाली धरून खळखळून धुतला. पिशवीतून एक गाठोडं काढलं. त्यात ज्वारीच्या भाकरी होत्या आणि डबीत हिरव्या मिरचीचा ठेचा. चिकन भाकरीबरोबर ताटांत वाढलं. पास्त्यात चमचाभर ठेचा घातला आणि एक अख्खं लिंबू पिळलं. गोड, आंबट आणि तिखट असा तो प्रकार कुठल्याही पाकिटावर छापलेला नसेल. केतकीनं दोनदा घेतला. तिसऱ्यांदा घेताना तिचा हात ताटातच थांबला आणि ती बसल्या जागी झोपली.

मी तिच्या हातातला चमचा काढून घेतला. आत्यांनी तिला पांघरूण घातलं. मग आम्ही दोघांनी मिळून भांडी घासली. कढई घासताना आत्यांनी बुडाचं जळकं लेबल नखानं खरवडून काढलं आणि मला म्हणाल्या, “पुढच्या रविवारी आईवडलांना घिऊन या आमच्याकडं.”

चैत्रात आमचं लग्न झालं.

त्यानंतर कारखाना सुटला. मी साताऱ्यात दुसरी नोकरी धरली, केतकीच्या तीन बदल्या झाल्या, एक मुलगी झाली, ती आता अकरावीत आहे. चिकन पास्ता आमच्या घरात टिकला. दोघांपैकी जो कमी दमलेला असेल त्यानं करायचा, असा नियम आहे. कोण कमी दमलंय यावर भांडण होतं, ते वेगळं. शेवटी लिंबू आणि ठेचा घालायचाच. मुलीच्या मैत्रिणींना तो फार आवडतो. मीठ कुणी घातलं, हा प्रश्न मात्र मी परत कधी निघू दिला नाही. आत्यांना वाईट वाटेल, म्हणून केतकीलाही कधी बोललो नाही. एवढी एकच गोष्ट मी बायकोपासून लपवली आणि तिचा मला थोडा अभिमानही होता.

गेल्या वर्षी आत्या महिनाभर आमच्याकडे राहायला आल्या होत्या. ऐंशीच्या जवळ आल्यात, गुडघे धरतात, पण नजर तशीच. एका संध्याकाळी केतकीला यायला उशीर होता, मुलगी क्लासला गेली होती, आणि मी ऑफिसातून येऊन पास्त्याचं पाणी ठेवलं होतं. आत्या टेबलाशी बसून मटार सोलत होत्या. पाण्याला उकळी आली.

“जावईबापू, मी टाकू का मीठ?” त्या म्हणाल्या आणि खुदकन हसल्या.

मी वळून बघितलं. इतक्या वर्षांत आत्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

“म्हणजे तुम्हाला नंतर कळलं तर,” मी म्हणालो. “मला वाटलं, तुमच्या ध्यानातच आलं नाही.”

“नंतर?” आत्यांनी मटाराची शेंग खाली ठेवली. “पन्नास वर्सं चुलीम्होरं काढली मी. मूठ भरली की कळतंय, मीठ हाय का साखर. डोळं झाकून कळतंय.”

मग एकदम आठवलं. जेवायला बोलावलेल्या घरी तीन माणसांच्या भाकरी बांधून कोण येतं?

“तुम्ही मुद्दाम टाकलीत.”

“आन् मग? पोरगी उपाशी ऱ्हाऊ ने म्हनून भाकरी घिऊन आलते.” त्या पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. बोलताना त्यांनी वर बघितलं नाही. “माजं लगीन झालं त्याच सालातली गोष्ट. घरात पावनं आलतं, मटन केलतं. सासूनं दोनदा मीठ टाकलं, माज्या आदी आन् माज्या नंतर. ह्यांनी सोताच्या डोळ्यानं बगितलं हुतं. पयला घास घेतला आन् ताट उचलून माज्या म्होरं आपटलं, समद्या पावन्यांदेकत. म्हनलं, हिच्या आयनं हिला मीठ घालाय बी शिकवलं न्हाई.”

पाणी उकळत होतं. मी गॅस बारीक केला.

“त्यांनी कवा मारलं न्हाई मला. उपाशी ठिवलं न्हाई. पर त्या दिसापासनं तीस वर्सं मी त्या मानसाला मनातलं एक अक्शर सांगितलं न्हाई. त्यांनाबी ते कवा कळलं न्हाई.” आत्यांनी टरफलं गोळा केली. “म्हनून केतकीसाठी आलेल्या परत्येकाच्या घरात मी कायतरी सांडलं नायतर बिगडवलं. एकानं आईवर ढकललं. एकानं मोलकरनीवर. तिसरा माज्यावरच ढकलून मोकळा झाला. आन् तुमी म्हनला, मी.”

एवढी मोठी परीक्षा मी दिली होती आणि मला हॉलतिकीटसुद्धा दिसलं नव्हतं.

“केतकीला माहीत आहे?”

“तिला कशाला? तिनं तुमाला खरं बोलला म्हनून घेतलं. मी खोटं बोलला म्हनून.”

गप्प राहिलो असतो तर बरं झालं असतं. आत्यांच्या मनात सतरा वर्षं माझी एक मूर्ती होती, आणि आपली मूर्ती आपणच फोडायला कुणाला आवडतं? पण त्या स्वयंपाकघरात मला पुन्हा खोटं बोलवेना.

“आत्या, एक सांगू? मी मोठ्या मनानं नाही बोललो ते. मी तुम्हाला भ्यालो होतो. तुमचं नाव घ्यायची छातीच झाली नाही.”

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. तीच त्या दिवशीची नजर, पण आता तिच्यात सगळं दिसत होतं.

“ते बी ठावं हुतं मला,” त्या म्हणाल्या. “आमचं ‘हे’ कुनालाच भीत न्हवतं.”

मग त्या टेबलाला धरून उठल्या. फळीवरची बाटली काढली, चिमूटभर जिभेवर ठेवून बघितली, आणि दोन मुठी मीठ पाण्यात टाकलं.